चार पुरस्कार, चारही ‘सहाय्यक’

रोहिणी हट्टंगडी यांच्या पुरस्कारांची यादी मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडते. १९८३ मध्ये ‘गांधी’साठी ब्रिटनचा बाफ्टा. १९८४ मध्ये ‘अर्थ’साठी फिल्मफेअर. ‘पार्टी’साठी १९८४ सालचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. १९९१ मध्ये ‘अग्निपथ’साठी पुन्हा फिल्मफेअर. आपण यादी वाचतो, मनात ‘भारी’ म्हणतो आणि पुढच्या रीलकडे वळतो. पण यादीतला एक शब्द बघायचा राहून जातो. चारही पुरस्कार ‘सहाय्यक अभिनेत्री’चे आहेत. लंडन, मुंबई, दिल्ली अशी तीन शहरं. परीक्षक वेगळे, त्यांची आवड वेगळी, सिनेमेही एकमेकांशी नातं नसलेले. तरी चारही वेळा पाटी एकच लागली.

सहाय्य कोणाला? कशात? आणि ती कामं करणाऱ्या बाईच्या वाट्याला मुख्य भूमिकेचा मोठा पुरस्कार का येत नाही? या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर यादी बाजूला ठेवून त्या चार भूमिका पुन्हा बघाव्या लागतात. त्याच क्रमाने बघितलं पाहिजे असंही नाही. आपण शेवटच्यापासून सुरू करू, कारण ती आपल्या जिल्ह्यातली आहे.

मांडव्याच्या मास्तरांची बायको

रायगडात कोणासमोरही ‘मांडवा’ म्हणा. पेणच्या गणपती कारखान्यात म्हणा, नाहीतर नागोठणे आणि रोह्याच्या मधल्या निडी स्टेशनवर दिवा-रोहा गाडीची वाट बघत बसलेल्यांत म्हणा. दहातला एक जण तरी आवाज खर्जात नेऊन बच्चन होतो. विजय दीनानाथ चौहान, गाव मांडवा. अलिबाग तालुक्यातलं, मुंबईहून बोटीने उतरण्याचं ते गाव मुकुल आनंद यांच्या ‘अग्निपथ’ने १९९० मध्ये देशाच्या तोंडी बसवलं. आज मांडव्याच्या जेट्टीवर उतरणाऱ्या कितीतरी जणांना तो सिनेमाच आधी आठवतो.

आता त्याच माणसांना विचारा, विजयच्या आईचं नाव काय? बहुतेकांना सांगता येणार नाही. तिचं नाव सुहासिनी. भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची. ज्या मुलाची ती आई झाली तो नट वयाने तिच्याहून बराच मोठा होता. बच्चन यांचा जन्म १९४२ चा, म्हणजे त्या वेळी ते पन्नाशीकडे झुकलेले. रोहिणीताईंनी त्यांना पोरगा म्हणायचं होतं आणि प्रेक्षकांना ते पटायला हवं होतं. पटलं.

सुहासिनी या सिनेमात काय करते? नवऱ्याचा बळी गेलेला ती बघते. मुलगा मोठा होऊन गुंड झालेलाही बघते. मुलाने आणलेल्या पैशाला आणि त्याच्या मोठेपणाला ती मान्यता देत नाही. सगळं शहर ज्याला घाबरतं त्याला घरात, जेवणाच्या ताटावर, हात मळलेले आहेत हे ऐकावं लागतं. पूर्ण सिनेमात विजयला हरवणारी एकच व्यक्ती आहे आणि तिच्या हातात शस्त्र नाही. शेवटी तो परत येतो तो मांडव्याला आणि तिच्याच मांडीवर.

तरीही खरं सांगायचं तर या चार भूमिकांमध्ये मला ही सर्वांत कमी लिहिलेली वाटते. पटकथा सुहासिनीला एकच सूर देते, दुखावलेल्या नीतीचा, आणि तोच सूर शेवटपर्यंत वाजवते. सिनेमाची एकूण पट्टी चढी आहे. बच्चन घशातून बोलतात, पार्श्वसंगीत ढोल वाजवतं. रोहिणीताई तिथे आवाज न चढवता उभ्या राहतात आणि म्हणून लक्षात राहतात. पण नटीला तिच्या ताकदीच्या अर्ध्या कामावर पुरस्कार मिळाला असं वाटत राहतं.

त्या वर्षीच्या फिल्मफेअरच्या याच विभागात आणखी एक मराठी नाव नामांकनात होतं: ‘आशिकी’साठी रीमा लागू. दोघीही रंगभूमीवरून आलेल्या, दोघीही हिंदी सिनेमाच्या आया. रीमाताईंना कारकिर्दीत याच विभागात चार वेळा नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. हिंदी सिनेमाने मराठी नटीला आई करण्याची रीत त्यांच्याही आधीची आहे. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, ललिता पवार, सुलोचना. ललिताबाईंना ‘अनाडी’साठी आणि दुर्गाबाईंना ‘बिदाई’साठी मिळालेले फिल्मफेअरही सहाय्यक अभिनेत्रीचेच. १९५५ मध्ये हा विभाग सुरू झाला तेव्हा पहिला मान ‘बादबान’साठी उषा किरण यांना मिळाला होता, म्हणजे त्याही मराठीच. त्यामुळे हा विभाग मराठी नट्यांसाठी एका अर्थी माहेरच आहे. माहेरी लाड होतात, पण घर नावावर होत नाही.

‘नाही’ म्हणणारी कस्तुरबा

आता लंडनला जाऊ. मार्च १९८३. रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ बाफ्टामध्ये पाच पुरस्कार घेतो. त्यातला सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून जातो. एक वाटा रोहिणी हट्टंगडी यांना कस्तुरबांसाठी, दुसरा मॉरीन स्टेपलटन यांना ‘रेड्स’मधल्या एमा गोल्डमनसाठी. हा योगायोग मजेशीर आहे. एकीकडे अराज्यवादी बंडखोर बाई, दुसरीकडे जिला आपण शाळेच्या पुस्तकात नवऱ्याच्या मागे चालताना बघितलं ती बाई. परीक्षकांना दोघींचं वजन सारखं भरलं.

ते का भरलं असावं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमाच्या प्रसंगात दिसतं. आश्रमात संडास सफाई सगळ्यांनी पाळीने करायची असा गांधींचा नियम आहे. कस्तुरबा नकार देते. तिच्या मनात जात आहे, संस्कार आहेत, घृणा आहे, आणि नवऱ्याने न विचारता नियम ठरवला याचा संतापही आहे. गांधी चिडतात आणि तिला ओढत दाराबाहेर काढायला निघतात. अहिंसेचा पुढचा महात्मा या क्षणी बायकोवर हात टाकणारा एक सामान्य नवरा झालेला असतो. त्याला भानावर आणते ती कस्तुरबा.

हा प्रसंग रोहिणीताईंनी कसा केला आहे ते बघा. नकार देताना त्यांची मान ताठ आहे, पण नजर ठाम नाही. ती इकडे तिकडे आधार शोधते. ओढाताण संपल्यावर हे उलटतं. मान खाली येते आणि नजर मात्र स्थिर होते. यानंतर ती काम करायला जाते. ती हरून गेली की जिंकून, हे नटीने आपल्यावर सोडलं आहे. तिच्या जाण्यानंतर लाजलेला माणूस गांधी असतो एवढं नक्की.

तीन तासांहून मोठ्या या सिनेमात कस्तुरबाच्या वाट्याला संवाद थोडेच आहेत. पंचविशी-तिशीपासून पंच्याहत्तरीपर्यंतचं आयुष्य दाखवायचं आहे आणि त्यातला मोठा भाग मागे बसून सूत कातताना, ऐकताना, वाट बघताना जातो. परदेशी पत्रकारासमोर म्हातारं जोडपं आपल्या लग्नाचे विधी पुन्हा करून दाखवतं, त्या प्रसंगात त्यांच्या चेहऱ्यावर बारा-तेरा वर्षांची मुलगी क्षणभर येऊन जाते. ज्या नटीचं शरीर नृत्यात आणि रंगमंचावर घडलेलं आहे तिलाच हे मेकअपशिवाय जमू शकतं.

‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाले. त्यातला वेशभूषेचा ऑस्कर जॉन मोलो यांच्याबरोबर कोल्हापूरच्या भानू अथैया यांना मिळाला, हे आपल्याला पाठ असतं. कस्तुरबेचं नाव ऑस्करच्या नामांकनातही नव्हतं. एकाच कामाकडे दोन देशांतले परीक्षक किती वेगळं बघू शकतात याचं हे उदाहरण. म्हणून पुरस्कार म्हणजे गुणांचं मोजमाप, असं मानायचं कारण नाही. पुरस्कार म्हणजे कोणीतरी, कुठेतरी, एका वर्षी नीट बघितल्याची नोंद.

बाईला नाव नसतं

‘अर्थ’ सगळ्यांना आठवतो तो शबाना आझमी आणि स्मिता पाटील यांच्यासाठी. महेश भट यांचा १९८२ चा सिनेमा. नवरा, बायको आणि प्रेयसी असा त्रिकोण. या त्रिकोणाच्या बाहेर, स्वयंपाकघरात, चौथी बाई आहे. पूजाच्या घरी काम करणारी बाई. दारुडा नवरा मारतो, दुसरीकडे जातो. तिला मुलीला चांगल्या शाळेत घालायचं आहे आणि त्यासाठी ती पैसे साठवते. नवरा ते पैसे चोरून दुसऱ्या बाईवर उडवतो. ती त्याला मारून टाकते.

कथेत हे उपकथानक आहे, पण सिनेमाचा शेवट यावर टेकलेला आहे. पूजा नवऱ्याला परत घेत नाही, चांगल्या मित्राचाही हात धरत नाही. ती बाईच्या मुलीला आपली म्हणून स्वीकारते आणि त्यात स्वतःचा ‘अर्थ’ शोधते. बाई तुरुंगात जाते म्हणून पूजाला हा शेवट मिळतो. एका वर्गाच्या बाईची मुक्ती दुसऱ्या वर्गाच्या बाईच्या शिक्षेवर उभी आहे, हे सिनेमा उघड बोलत नाही. रोहिणीताईंचं काम मात्र ते विसरू देत नाही. त्यांची बाई पूजासमोर बसते तेव्हा नेहमी थोडी खाली बसते, हात कायम कशात तरी गुंतलेले, आणि बोलताना मालकिणीच्या चेहऱ्याचा अंदाज घेत बोलते. खून झाल्यावर हा अंदाज घेणं थांबतं. त्या चेहऱ्यावर पश्चात्ताप कमी आणि मुलीची काळजी जास्त आहे. हा फरक करायला रोहिणीताईंना पडद्यावर फार थोडी मिनिटं मिळाली.

फिल्मफेअरने त्याच सिनेमासाठी शबाना यांना अभिनेत्रीचा आणि रोहिणीताईंना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. नियमाने बरोबर आहे. ‘अर्थ’ पूजाची गोष्ट आहे. पण तुमच्या-माझ्या घरात किंवा शेजारी धुणीभांडी करणारी कोणी हा सिनेमा बघेल तेव्हा तिच्यासाठी मुख्य भूमिका कोणाची असेल? मुख्य आणि सहाय्यक ही विभागणी गोष्ट कोण सांगतंय यावर ठरते, आणि हिंदी सिनेमात गोष्ट सांगणारा बहुधा कामवालीच्या घरचा नसतो.

पुरस्काराच्या पार्टीतली नटी

चौथी भूमिका मला सर्वांत मोठी वाटते आणि तिचा विषयच पुरस्कार आहे.

महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये ‘पार्टी’ केला. दिवाकर बर्वे या नाटककाराला मोठा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, म्हणून दमयंती राणे आपल्या बंगल्यावर पार्टी देते. लेखक, कवी, नट, समीक्षक, पैसेवाले असे सगळे जमतात. रात्र चढते तशी प्रत्येकाची सालं निघत जातात. सगळ्यांच्या बोलण्यात अमृत नावाचा एक कवी येत राहतो, जो या गर्दीला सोडून आदिवासींच्या लढ्यात गेला आहे. पुरस्कार मिळालेला माणूस खोलीत आहे आणि ज्याच्याशी त्याची तुलना होते तो खोलीत नाही. एवढ्यावर सिनेमा ताण धरून ठेवतो.

या पार्टीत बर्वेबरोबर आलेली मोहिनी रोहिणीताईंनी केली आहे. मोहिनी एके काळची नटी. रंगमंच सुटलेला, आयुष्य बर्वेच्या सावलीत गेलेलं, हातात ग्लास. तिच्याशी लोक बोलतात ते बर्वेची म्हणून. ती हसते तेव्हा अर्धा क्षण जास्त हसते, कोणी बघतंय का हे बघते, आणि कोणी बघत नाही हे कळल्यावरही हसू लगेच आवरत नाही. नटीचं व्यसन दारूपेक्षा जुनं आहे: प्रेक्षक. तो नसला की ती समोर येईल त्याला प्रेक्षक करू बघते. हे बघताना लाज वाटते, दया येते आणि मधेच तिचा रागही येतो. एकाच भूमिकेत या तिन्ही गोष्टी येणं सोपं नाही.

आता या भूमिकेला मिळालेल्या पुरस्काराकडे बघा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत १९८४ पर्यंत सहाय्यक अभिनेत्री असा विभागच नव्हता. त्या वर्षीपासून तो सुरू झाला आणि पहिला पुरस्कार मिळाला मोहिनीला. पुरस्काराच्या पार्टीत कोणी विचारत नाही अशा विस्मरणात गेलेल्या नटीची भूमिका, आणि त्या भूमिकेला देशाचा नवा कोरा पुरस्कार. पुढच्या वर्षी हाच पुरस्कार ‘रावसाहेब’साठी विजया मेहतांना मिळाला, म्हणजे ‘पार्टी’मध्ये दमयंती राणे झालेल्या बाईंना. पहिली दोन वर्षं एकाच बंगल्यातल्या दोन बायकांनी नेली आणि दोघी मराठी रंगभूमीच्या.

इथे ‘सहाय्यक’ या शब्दाची बाजूही मांडायला हवी. तो विभाग नसता तर मोहिनीला ‘पार’मधल्या शबाना आझमींसमोर उभं राहावं लागलं असतं. त्या वर्षीचा अभिनेत्रीचा पुरस्कार शबाना यांचा होता, आणि तो योग्यच होता. म्हणजे छोट्या लांबीच्या मोठ्या भूमिकेला जागा मिळाली ती या पाटीमुळेच. पाटी वाईट नाही. ती दुसरीकडे जाण्याचं दार बनत नाही, ही अडचण आहे. ज्याला एकदा सहाय्यक म्हटलं त्याला पुढच्या निर्मात्याने सहाय्यकच ठेवायचं, असा तिचा अर्थ बाजार लावतो.

यादीत नसलेली पार्वती

हा अर्थ किती महाग पडतो हे पाहायचं तर त्याच १९८४ मधला ‘सारांश’ बघा. शिवाजी पार्कजवळ राहणारे निवृत्त मुख्याध्यापक बी. व्ही. प्रधान आणि त्यांची बायको पार्वती. एकुलता एक मुलगा अमेरिकेत गुंडांच्या हातून मेलेला. प्रधान जगण्याचं कारण शोधतायत आणि पार्वती ठरवते की भाडेकरू मुलीच्या पोटात आपलाच मुलगा परत येतोय.

या सिनेमाबद्दल प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक लेखात एक गोष्ट सांगितली जाते: अनुपम खेर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांनी साठीपुढचा म्हातारा केला. गोष्ट खरी आहे, काम अप्रतिम आहे आणि त्यांना फिल्मफेअरचा अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पण त्यांच्या शेजारी बसलेली म्हातारीही तिशीच्या आसपासचीच होती. ती गोष्ट कोणी सांगत नाही. पुरुषाने म्हातारपण वठवलं की तो पराक्रम, बाईने वठवलं की तिला ते ‘शोभून दिसतं’.

पार्वती सहाय्यक नाही. ‘सारांश’ दोन माणसांचा सिनेमा आहे. प्रधान मास्तर बुद्धीने दुःखाला भिडतात, पार्वती श्रद्धेने. सिनेमा मास्तरांच्या बाजूचा असूनही रोहिणीताई पार्वतीला खुळी होऊ देत नाहीत. पोटातल्या बाळासाठी ती धडपडते तेव्हा तिच्या पावलांत पहिल्यांदा घाई येते. सबंध सिनेमाभर जडावलेलं शरीर अचानक हलकं होतं. तिचा भ्रम तिला जगवतोय हे आपल्याला आधी दिसतं, तो भ्रम आहे हे नंतर. वरच्या चार पुरस्कारांत ‘सारांश’ नाही. माझ्या मते या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं पडद्यावरचं काम हेच आहे, आणि ते मुख्य भूमिकेचं आहे. ज्या यादीत ते नाही ती यादी अपुरी आहे.

जिथे ‘सहाय्यक’ नसतं

यानंतर वीस वर्षं पुढे जाऊ. २००४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, नाट्य-अभिनयासाठी. इथे पहिल्यांदा त्यांच्या नावापुढे ‘सहाय्यक’ नाही. अकादमी एका भूमिकेला पुरस्कार देत नाही, पूर्ण कामाला देते.

ते काम बघायला आपल्यातले बहुतेक जण उशिरा जन्मलो. पुण्याची रोहिणी ओक सत्तरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेली, इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकली. तिथे यक्षगान आणि काबुकी या शैलींना तिने हात घातला, जिथे परंपरेने पुरुषच उभे राहत आले. वर्गातला सोबती जयदेव हट्टंगडी दिग्दर्शक झाला आणि नवराही. मुंबईत ‘आविष्कार’मध्ये जयदेव यांनी लोर्काच्या ‘येर्मा’वरून आलेलं ‘चांगुणा’ बसवलं, त्यात त्या उभ्या राहिल्या. मूल नसलेल्या बाईची ती गोष्ट. पुढे ‘मीडिया’, मुलांना मारणाऱ्या आईची ग्रीक शोकांतिका. आणखी पुढे एकपात्री ‘अपराजिता’, जिथे रंगमंचावर दुसरं कोणी नाहीच, मग सहाय्य कोण कोणाला करणार?

आता हा विरोध बघा. सिनेमाने ज्या नटीला सोसणारी, क्षमा करणारी, वाट बघणारी आई करून ठेवलं, तिलाच नाटकाने आई न होऊ शकणारी आणि आपली मुलं मारणारी अशा दोन्ही टोकांच्या बायका दिल्या. एकाच नटीची ही दोन आयुष्यं. एकाच्या प्रती सगळीकडे आहेत, दुसऱ्याच्या प्रेक्षकांच्या आठवणीत. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. भक्ती बर्वे यांची ‘ती फुलराणी’तली मंजुळा ज्यांनी समोर बसून बघितली ते अजून तिच्याबद्दल बोलतात, आणि ऐकणाऱ्याला ‘जाने भी दो यारो’मधली शोभा दाखवून समाधान मानावं लागतं. भक्तीताईंनाही अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९९० चा. पुरस्कार राहतो, काम राहत नाही. नाट्य-पुरस्काराचं खरं काम म्हणूनच वेगळं आहे: जे पुन्हा बघता येणार नाही ते घडलं होतं, याची ती साक्ष असते.

आपल्या राज्य नाट्य स्पर्धेतही अभिनयाची रौप्यपदकं मुख्य आणि सहाय्यक अशी वाटलेली नसतात. भूमिका लहान असो की मोठी, परीक्षकाला काम दिसलं की पदक. सिनेमाच्या पुरस्कारांनी हौशी रंगभूमीकडून शिकावं अशी ही एक साधी गोष्ट आहे.

पुरस्कार नसलेली ओळख

आणि तरी निडीत, कोलाडात किंवा वडखळच्या घरात रोहिणीताईंना ओळखतात ते बाफ्टामुळे नाही. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ पासून अकरा वर्षं चालली, तीन हजारांहून अधिक भाग. त्यानंतर ‘होणार सून मी ह्या घरची’मधली आईआजी. तुमच्यातल्या अनेकांनी त्यांना पहिल्यांदा तिथेच बघितलं असणार, आजीच्या शेजारी बसून, रात्रीच्या जेवणाच्या ताटावर.

समीक्षक या कामाकडे बघत नाहीत, आणि काही अंशी ते ठीक आहे. रोजच्या भागाच्या घाईत भूमिका पातळ होते, गोष्ट रबरासारखी ताणली जाते. पण अकरा वर्षं एकाच बाईचं वय, राग, थकवा सांभाळत राहणं ही वेगळी चिकाटी आहे. आणि या कामात एक गोष्ट सिनेमाने दिली नव्हती ती मिळाली: घर तिच्याभोवती फिरत होतं. पन्नाशीच्या बाईला केंद्रस्थानी ठेवण्याचं धाडस मोठ्या पडद्याने केलं नाही, ते आपण ज्याला नाकं मुरडतो त्या टीव्हीने केलं. कारण धंदेवाईक होतं हे खरं. रिमोट त्या वयाच्या बायकांच्या हातात होता.

म्हणजे या एका कारकिर्दीत मान्यतेचे तीन प्रकार दिसतात. सिनेमाच्या पुरस्कारांनी तिला क्षण दिला आणि ‘सहाय्यक’ या चौकटीत ठेवलं. नाट्य-पुरस्काराने चौकट काढली, पण तो आला उशिरा आणि कामाचा पुरावा हातात न देता. प्रेक्षकांच्या ओळखीने रोजचं घर दिलं, पण त्या ओळखीला भूमिकांमधला फरक कळत नाही. तिला कस्तुरबा आणि सासू सारख्याच. तिघांपैकी एकावर विसंबून कोणत्याही नटीचं मोल करू गेलं की चुकतं.

हे फक्त मोठ्या नावांपुरतं नाही. कोकणात अजूनही उत्सवाला गावचं नाटक बसतं. पुरुष गावातले, नटी बहुतेक वेळा बाहेरून आणलेली, नाइट ठरवून. ती संध्याकाळी येते, एखादी तालीम धरते, रात्री उभी राहते आणि पहाटेच्या गाडीने परत जाते. तिच्यासमोर नवखे, लाजलेले, वाक्य विसरणारे नट असतात आणि ती पूर्ण नाटक ओढून नेते. ही खरी सहाय्यक अभिनेत्री, शब्दाच्या अर्थाप्रमाणे. माइकवरून आभार मानताना देणगीदारांची यादी वाचली जाते, तिचं नाव कधी येतं, कधी येत नाही.

म्हणून पुरस्कारांची यादी वाचताना दोन गोष्टी करून बघा. एक, विभागाचं नाव वाचा आणि विचारा की ही गोष्ट कोणाची होती आणि ती कोणी सांगितली. दोन, त्या वर्षी त्याच माणसाने केलेलं पण यादीत नसलेलं काम शोधा. रोहिणी हट्टंगडी यांच्या बाबतीत १९८४ हे वर्ष त्यासाठी पुरेसं आहे. मोहिनी यादीत आहे, पार्वती नाही. दोन्ही सिनेमे एकामागून एक बघा. मग सहाय्यक कोण, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.